सोयाबीन घरात शिरलं तेव्हा

न्यूमोनियातून उठून सासरे नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आले, तेव्हा त्यांचा सदरा अंगावर नुसता लटकत होता. खाटेवरून उठायचं तर एक हात माझ्या खांद्यावर आणि एक भिंतीला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगातलं मांस उतरलंय, प्रथिनं वाढवा. सासऱ्यांनी गळ्यात माळ घातलेली, म्हणजे अंडी-मटण नाही. दूध प्यायले की पोट गुडगुडायचं. "मग डाळी आणि सोयाबीन," डॉक्टर म्हणाले होते.

मी ते सांगितलं तेव्हा सासरे हसले. "ते तं ढोरेस्नं खाणं शे."

आमच्या शेतात तापीकाठाला दरवर्षी सोयाबीन असतं. मळणी झाली की पोती थेट बाजारात. म्हशीला पेंड आणि स्वयंपाकघरात तेलाचा डबा, एवढाच त्याचा घराशी संबंध. दाणा शिजवून खाल्लेला कोणालाच आठवत नव्हता.

मी घाई केली. कोठीत बियाण्यातून उरलेलं, औषध न लावलेलं थोडं सोयाबीन होतं, ते ज्वारीत मिसळून गिरणीवर दिलं. भाकरीला कच्चट वास आला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघत अर्धी खाल्ली. दुपारी पोट फुगलं. "मन्हा पोटमा ढोल वाजी ऱ्हायना," ते म्हणाले आणि संध्याकाळी जेवलेच नाहीत.

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजारी माणूस शे. त्यास्नावर काही करी बघू नको."

मला वाईट वाटलं, पण त्यांचं चूक नव्हतं.

पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दळायच्या आधी उकडलं होतं का?"

"नाही."

"मग फुगणारच. उकळत्या पाण्यात चांगलं शिजू द्या, उन्हात कडक वाळवा, मग दळा. आणि सुरुवातीला मूठभरच."

घरी येऊन तसं केलं. दाणे गच्चीवर वाळत घातले आणि वाळल्यावर कळण्यात मिसळले. आमच्याकडे ज्वारीत उडीद घालून कळणा दळतातच, त्यात ही मूठ खपून गेली. यावेळी कोणाला काही बोलले नाही. सासऱ्यांनी ठेचा आणि तेलाबरोबर भाकरी संपवली. दुसऱ्या दिवशी पोट कसं आहे विचारलं, तर म्हणाले, "बरं शे. का?"

तेव्हा खरं सांगितलं. त्यांनी ताटाकडे एकदा निरखून बघितलं. पण भाकरी नाकारली नाही.

भाद्रपदात त्यांना पहिल्यांदा शेतावर नेलं. दिराने मोटरसायकलवर मागे बसवलं, मी डबा घेऊन चालत गेले. सोयाबीन शेंगांनी भरलेलं, अजून हिरवं होतं. मी एक पातेलंभर शेंगा तोडून शेतातल्या चुलीवर मिठाच्या पाण्यात उकडल्या, भुईमुगाच्या उकडतो तशा, आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक सोलून दाणे तोंडात टाकले. मग दुसरी. बांधावर सालांचा ढीग झाला.

"इतला वरीसथून पिकाडी ऱ्हायनूत," ते दिराला म्हणाले, "नि कधी चाखीच नही."

मग वाट सोपी झाली. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या आणि काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकायच्या, हे मी आठवड्यातून एखाद-दोनदा करू लागले. पिळल्या नाहीत तर रस्सा पचपचीत होतो, हेही एकदा करून झालं. सासूबाई मात्र वडी बाजूला काढून नुसता रस्सा घेतात. चावताना मटणासारखी लागते म्हणे, आणि त्यांना तेच नको असतं.

दिवाळीपर्यंत सासरे आधाराशिवाय उठू लागले. हे सोयाबीनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. औषधं होती, रोजचं चालणं होतं, वरण-भातही होताच. पण ताटात रोज काहीतरी जास्तीचं पडत होतं, आणि ते पोटात टिकत होतं.

मळणीच्या दिवशी ट्रॅक्टरमध्ये पोती भरत होते. सासऱ्यांनी एक पोतं हाताने थोपवलं.

"हाई घर जाई," ते म्हणाले.

दिराने विचारलं, "बियाणंसाठे?"

"नही. खावासाठे."