पुढचं वाक्य देणारे वसंतराव

जाहिरातीत माझं नाव छापलं जायचं, वसंतराव खोच्यांचं कधीच नाही. पण उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात जेवढी नाटकं झाली, त्यांतलं एकही त्यांच्यावाचून उभं राहिलं नाही. ते प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत लोखंडी स्टूल, मांडीवर संहिता, हातात रुमालात गुंडाळलेली बॅटरी. दिवसा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी तालीम.

आम्हा नटांना संवाद विसरण्याची भीती असते. वसंतरावांना शांततेची होती. नट मुद्दाम थांबलाय की अडलाय, हे त्यांना श्वासावरून कळायचं. अडला की पुढचे दोनच शब्द मिळायचे, तेही इतके हळू की पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. माझे यजमान सुधाकर त्यांचे ऑफिसातले सोबती. राम घाटावर सुधाकरांच्या अस्थी शिप्रेत सोडताना गुरुजींनी गोत्र विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागून हलका आवाज आला, ‘काश्यप.’ मागे वळून पाहायची गरजच नव्हती.

गेल्या चैत्रात मला फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता. पेन्शनच्या कागदांची जांच चालू आहे म्हणाला. अशा फोनांविषयी मी ऐकून होते, ठेवूनच देणार होते. तेवढ्यात तो अगदी सावकाश म्हणाला, ‘राणीसरकार, घबराइए मत.’

एका नाटकात मी राणी झाले होते. तेव्हापासून सुधाकर मला घरात त्याच नावाने हाक मारायचे. ते गेल्यावर ती हाक मला कोणी मारली नव्हती. मी फोन कानाशी घट्ट धरला. हा माणूस आपलाच कोणीतरी, असं वाटलं. मोबाईलवर आलेला नंबर त्याने मागितला, मी वाचून दाखवला. बँकेत म्हातारपणासाठी म्हणून होतं नव्हतं ते सगळं गेलं.

पोलिसांच्या सायबर सेलमध्ये वसंतरावच मला रिक्षाने घेऊन गेले. तिथे देवश्री नावाची तरुण फौजदार होती. तिने शांतपणे सगळं विचारलं. त्याने मला राणीसरकार म्हटलं, असं मी सांगितलं मात्र, शेजारी उभ्या असलेल्या वसंतरावांनी आपला मोबाईल काढून तिच्या टेबलावर ठेवला.

आदल्या आठवड्यात त्यांनाही तोच फोन आला होता. फोन करणारा नवखा वाटला. ‘आपके साथ जो थे, वो...’ असं म्हणून अडला, तर वसंतरावांनी सुधाकरांचं नाव दिलं. ‘और उनकी पत्नी...’ म्हणाला, तर माझं दिलं, वर नंबरही दिला. मग तो चाचरत म्हणाला की बाई एकट्या आहेत, अनोळखी आवाजाला घाबरतील, कसं बोलू समजत नाही. वसंतरावांना त्याची दया आली. त्यांनी त्याला वाक्य दिलं. राणीसरकार म्हणा, आणि जरा सावकाश म्हणा, हेही सांगितलं.

देवश्रीचा आवाज मऊ झाला. ती म्हणाली, ‘काकाजी, ये लोग पूछते कम हैं, रुकते ज़्यादा हैं. सामनेवाला भला हो तो खुद ही भर देता है.’

 बाहेर आल्यावर रिक्षात बसताना वसंतराव मला एवढंच म्हणाले, ‘ताई, चोराला मी उभं केलं.’

मी त्यांना किती समजावलं. पेन्शन आहे, पोट चालतं, माझं काही अडत नाही, असं सांगितलं. त्यांच्या पत्नी मीनावहिनींनीही समजावलं. ते मान हलवायचे. पण बोलणं आटलं. बोलताना कोणी एखाद्या शब्दाशी अडलं की ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

गणपतीत मंडळाने मला एका छोट्या प्रवेशासाठी बोलावलं. विंगेत वसंतराव असतील तरच येईन, असं मी कळवलं. मला त्यांना त्या स्टुलावर परत बसलेलं पाहायचं होतं, दुसरं काही नको होतं. मीनावहिनींनी त्यांना तालमीला जवळजवळ ढकलतच आणलं. प्रयोगाच्या रात्री वसंतरावांनी बॅटरी रुमालात गुंडाळली, पान उघडलं. मला वाटलं, जमलं.

माझे संवाद मला पाठ होते. तरीही तालमीत जिथे एकदा जराशी चाचरले होते, त्याच वाक्यावर मी अडल्यासारखी थांबले. आता त्यांना राहवणार नाही, दोन शब्द येतील आणि सगळं पहिल्यासारखं होईल, अशी माझी भाबडी आशा. लोक गप्प झाले. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेत पाहिलं. वसंतराव माझ्याकडेच बघत होते. ओठ हलले, शब्द तिथपर्यंत आला होता. मग त्यांनी रुमालासकट हात तोंडावर दाबून धरला. पानावर अंधार झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मीही त्या माणसासारखीच थांबले होते.

ते वाक्य मी एकटीनेच म्हटलं. टाळ्या पडल्या. उज्जैनचे लोक उदार आहेत, त्यांना वाटलं म्हातारीने थांबण्याची जागा छान घेतली.

विंगेत गेले तेव्हा स्टूल रिकामं होतं. संहितेत बॅटरी ठेवून ते मीनावहिनींबरोबर निघून गेले होते. पान तेच उघडं होतं आणि माझ्या वाक्याखाली त्यांनी तालमीत पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथे ताई अडतात.’