समुद्राला दोन तास

बाबांनी समुद्राला दोन तास दिले होते. सोळा ते अठरा. पॉवर स्टेशनच्या जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूला पट्टीने रेघा ओढून त्यांनी सहलीचा तक्ता केला होता, आणि आमच्या कोराडीच्या क्वार्टरमध्ये तो महिनाभर स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला होता. पुण्याचे चुलतकाका, त्यांचे व्याही, तीन देवळं, एक किल्ला, सगळ्यांना वेळ वाटून झाल्यावर आठव्या दिवशी उरला तो समुद्र. त्याच्याखाली लाल शाईत: ‘१८.३० एस.टी.’ कंट्रोल रूममध्ये शिफ्ट ड्यूटी करणारा माणूस. जेवायलासुद्धा चोवीस तासांच्या घड्याळाने बसायचा.

आणि समुद्र तर आईचा होता! तिचं माहेर उमरेडकडचं, काळ्या मातीचं. लग्न होऊन आल्यावर बाबांनी हौसेनं तिला अंबाझरी तलाव दाखवला, तर ही बाई म्हणते, “पल्याडचा काठ दिसून राहिला नं जी. मले दुसरा काठ नसलेलं पाणी पाहाचं हाय.” बाबांच्या नोकरीत फिरायला जायची सवलत मिळायची चार वर्षांतून एकदा. पहिली आजोबांच्या काशीला गेली. दुसरी दिल्लीला, कारण बाबांना कुतुबमिनार पाहायचा होता. ही तिसरी. मी सातवीची परीक्षा दिली होती, म्हणजे पुढच्या खेपेला माझी बारावी आडवी येणार. आई सगळ्या कॉलनीला सांगून बसली होती की आता समुद्र पाहूनच येते.

तयारी तर अशी, की जणू मुलीचं लग्न काढलंय. शेजारच्या क्वार्टरमधले काका लग्न झाल्या झाल्या गोव्याला जाऊन आलेले, त्यामुळे या विषयात तेच आमचे शंकराचार्य. ते सांगायचे आणि बाबा लिहून घ्यायचे. सुती लुगडं नेऊ नका, वाळत नाही. रबरी चपला घ्या. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. परतीचं रिझर्वेशन आधी, बाकी सगळं नंतर. मग गांधीबागेच्या बाजारात जाऊन आईला निळी नायलॉनची साडी घेतली. तिच्यात उकडून जीव जातो, असं ती दुकानातच म्हणाली, पण नेसली. तिनं आपल्या अकलेनं दशम्या, जवसाची चटणी आणि पाण्याची छागळ घेतली, आणि उन्हाची लू लागू नये म्हणून तिघांच्या खिशा-पिशवीत एकेक कांदा. समुद्रावर लू नसते, हे नागपूरच्या माणसाला कोण सांगणार? गोव्याच्या काकांनी एक गोष्ट मात्र सांगितलीच नाही. नव्या बायकोपुढे त्यांना दुसरं काही दिसलं नसेल.

आठव्या दिवशी अलिबागच्या पुढच्या एका गावात आम्ही एस.टी.तून उतरलो, सुरूच्या झाडांतून सामान ओढत किनाऱ्यावर आलो, तर समोर समुद्रच नाही! नुसता चिखल. काळपट, ओला, नजर जाईल तिथवर. फार लांब एक पांढरी रेघ हलत होती.

“हे काय वं?” आई मला म्हणाली. “समुद्र कुठं हाय?”

बाबांनी घड्याळ पाहिलं, मग तक्ता पाहिला. “टाइम तर बरोबर हाय,” ते म्हणाले. आईशपथ, असंच म्हणाले!

मासळी वाळत घालणारी एक कोळीण पोट धरून हसली. “ओहोटी हाय, दादा. सात वाजता या, पाणी आलेलं दिसंल.”

“सात? साडेसहाले गाडी हाय आमची.”

“मग मी काय करू? दर्या काय तुमच्या घड्याळावर चालतो?”

तलाव आपल्या जागी असतो, विहीर आपल्या जागी असते. पाणी उठून निघून जातं, हे आमच्या तिघांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि ती एस.टी. चुकली की दादरहून नागपूरची सकाळची गाडी चुकणार, म्हणजे मे महिन्यातलं दोन महिने आधी काढलेलं रिझर्वेशन गेलं. आई होल्डॉलवर बसली. नवी साडी पोटरीपर्यंत चिखलानं भरलेली. बराच वेळ त्या रेघेकडे पाहून म्हणाली, “जाऊ द्या जी. पाह्यला म्हणून सांगू कॉलनीत.”

माझं डोकंच फिरलं. “काहून सांगाचं खोटं?” मी बाबांवर ओरडले. “खड्ड्यात गेली तुमची गाडी! काशी झाली, कुतुबमिनार झाला, अन् तिचा नंबर आला तर घाई?” थोबाडीत बसणार म्हणून मी गालावर हातसुद्धा धरला.

सव्वासहाला बाबांनी ट्रंक उचलली, दहा पावलं गेले आणि थांबले. ट्रंक वाळूत ठेवली आणि तिच्यावर बसले. “रिलीव्हर आल्याशिवाय ड्यूटी सोडता येत नाही,” ते म्हणाले. “पुढचा माणूस नाही आला तर आपण बसूनच राहाचं. प्लांटचा नियमच हाय तसा.” मागे रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. ते वळलेसुद्धा नाहीत. माझे बाबा मला तेव्हा इतके आवडले की रडूच आलं. जनरलच्या डब्यात त्याच ट्रंकेवर बसून नागपूर गाठताना पाठीचे टाके ढिले झाले, तरी ते आवडणं कमी झालं नाही.

आणि पाणी आलं. आधी चिखलातल्या खळग्यांतून गुपचूप, मग पसरत, मग आवाज करत. सूर्य टेकला तेव्हा समोर काठ नव्हता, कुठेच नव्हता. आई गुडघ्याइतक्या पाण्यात शिरली, ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून किंचाळली, “खरंच खारट हाय वं! मले वाटे लोक वाढवून सांगतेत!” ती इतकी मोठ्यानं हसत होती की कोळणी काम सोडून पाहू लागल्या.

“या ना जी! उभे काहून राह्यले?”

बाबांनी पँट दुमडली, बूट हातात घेतले आणि आले. एक लाट आली, मागे गेली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “हात धर वं,” ते म्हणाले. “पायाखालची वाळू सरकून राहिली.”

कॉलनीत आई बाबांच्या चार पावलं मागून चालायची. तिथे, माझ्यादेखत, त्या सगळ्या बायांदेखत, तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि त्यांना आणखी थोडं आत नेलं.