पोपट, वीतभर शार्क आणि तानाबाईची चिमूट

जो पटकन बोलत नाही, त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं, असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. आणि मी तर दहा गावांचा पुढारी म्हणवून घ्यायचो.

२००५ साली ढाणकीजवळच्या आमच्या गावात सगळ्यांची सरकी मातीतच कुजली. चौकशीला पथक येणार होतं. बियाणं खोटं होतं, एवढं त्यांनी लिहून न्यावं म्हणून मी पारावर बायांकडून वाक्यं पाठ करून घेतली. रद्दीतल्या मासिकातली दोन चित्रं दाखवली. एक गरम देशातल्या जंगलातला लाल-निळा पोपट, दुसरा खोल समुद्रातला वीतभर शार्क.

"पोपट व्हा. हा मासा पहा, पोटाला उजेड आहे, पण वापरतो लपायला. खालून कोणाला सावलीही दिसू नये म्हणून. आपल्या तानाबाईसारखा."

बाया हसल्या. दोन एकरवाली तानाबाई काही विचारलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, पूर्ण गुंडाळून झालं की मग बोलायची. तशीच बोलली, "पण भाऊ, पिंजरा तं पोपटालेच भेटते."

माझं डोकं फिरलं. पथकापुढे बोलणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव कापलं.

पथक आलं. पहिली बाई बोलली, दुसरी बोलली, शब्दाला शब्द तोच. चौथीला साहेबांनी थांबवलं. "पाठांतर पुरे. पेरणीतलं बियाणं कोणाकडे उरलंय का?"

शिकवलेलं सगळ्यांना येत होतं, विचारलेलं कोणालाच नाही. मागे तानाबाई उठली, पदर गुंडाळू लागली.

"खाली बस," मी खेकसलो. "आधीच शोभा झाली."

ती बसली. जीप गेली.

मग तिनं कमरेला खोचलेलं बियाण्याचं पाकीट काढलं. आत चिमूटभर सरकी. पेरताना पाकीट पुरतं रितं करायचं नाही, चिमूट घरात राखायची, ही तिच्या सासूची रीत. पथकाला हवं होतं ते एवढंच.

मी ते घेऊन उमरखेडला तालुक्याच्या कचेरीत धावलो. "नमुना मिळाला नाही, असं लिहून झालंय," कारकून म्हणाला.

गावाचं म्हणणं तिथंच मेलं. पाकीट परत द्यायला गेलो, तर तिनं पदर गुंडाळला, सोडला.

"ठेवा भाऊ तुमच्यापाशीच. तुमाले आठवण राहीन."

ते अजून माझ्या पेटीत आहे, उघडायची हिंमत होत नाही. तुमच्या बैठकीत मागे कोणी असं उठलं, तर कृपा करून तोंड बंद ठेवा. पदर गुंडाळून होईस्तोवर थांबा.