चुकलेलं जोडाक्षर

मंगळवारी सकाळी सात वाजता बेळगावच्या दवाखान्यात माझी बायको वारली. मी आणि तिची आई तिथं होतो. दुपारी आम्ही तिला घेऊन निपाणीला आलो.

येताना गाडीत मी आणि सासूबाई समोरासमोर बसलो होतो. दीड तासाच्या वाटेत आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. दुःखामुळे, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. पण त्यांना मराठी येत नव्हतं आणि मी कन्नड बोलत नव्हतो. एकतीस वर्षं आमचं सगळं बोलणं बायकोच्या तोंडून होत आलं होतं. त्यांनी तिला विचारायचं, तिनं मला विचारायचं, मी तिला सांगायचं. जेवलात का, गाडीत जागा मिळाली का, तिकडं पाऊस आहे का. त्या दिवशीही ती आमच्या मध्येच होती.

माझं घर निपाणीचं. तिचं माहेर गोकाकच्या पलीकडं, घटप्रभेच्या काठी. आमच्या समाजात अशा सोयरिकी नेहमीच्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, देव मात्र तेच. तिकडून आलेली सून दोन वर्षांत मराठी उचलते. जावयानं कन्नड शिकावं असा कुणी आग्रह धरत नाही, तरी बहुतेक जावई शिकतात. मी ऐकायला शिकलो. पुढं पुढं सगळं समजायला लागलं, पण बोललो नाही. मी भ्यालो होतो, आणि कोणत्या दिवशी भ्यालो ते मला नेमकं सांगता येतं. तो आमच्या लग्नाचा दिवस.

मी तेव्हा शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो होतो. मला कुठलीही गोष्ट आधी कागदावर लागते. लग्नाआधी एका सहकाऱ्याकडून चार कन्नड वाक्यं देवनागरीत लिहून घेतली आणि पाठ केली. अक्षता पडल्यावर तिकडच्या बायकांनी मला गाठलं आणि थट्टेनं विचारलं, नवरी कशी वाटली? कन्नडमध्ये मुलीला हेण्णु म्हणतात, नवरीलाही तेच. चलो म्हणजे चांगली, ऐती म्हणजे आहे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हेण चलो ऐती."

हेण्णुमधला दुहेरी ण माझ्या जिभेवरून निसटला आणि शेवटचा उकारही राहिला. हेण म्हणजे प्रेत.

सासूबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. थोड्या वेळानं कुणीतरी मावशी मीठ-मिरच्या घेऊन आली आणि नवरीवरून उतरवून गेली. नवरी मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही भाषांची मोडतोड करून सांगितलं की ती हसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यानंतर मी कन्नडमध्ये तोंड उघडलं नाही. सासरी मला मूगप्पा म्हणायला लागले. मूग गिळून बसतो म्हणून असेल, असं मी समजत होतो. मग कळलं की कन्नडमध्ये मूग म्हणजे मुका. दोन्ही भाषांनी मिळून मला बरोबर ओळखलं होतं.

अशी भीती एका ठिकाणी राहत नाही. कचेरीत दाखल्यासाठी बायको जायची, मी बाहेर झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचो. गोकाककडच्या गाडीत एकटा असलो की कंडक्टरला थांबवायला सांगण्याऐवजी पुढच्या थांब्यापर्यंत जायचो आणि चालत मागं यायचो. तिकडच्या एका कॉलेजात चांगली जागा मिळत होती, तीही नको म्हटली. आईच्या तब्येतीचं कारण सांगितलं. आईला तेव्हा काही झालेलं नव्हतं. बायकोला हे माहीत होतं. ती म्हणायची, "एवढी पुस्तकं वाचून तोंडाला कुलूप लागलंय बघा तुमच्या. किल्ली हाय, पर कुठं ठेवलीय त्येच आठवंना."

ती आजारी पडली तेव्हा सासूबाई आमच्याकडं आल्या. त्यांच्या पिढीतल्या बायका लेकीच्या घरी पाणीसुद्धा अनमान करून पितात. तरी त्या सात महिने राहिल्या. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. आता लेकच नाही म्हटल्यावर जावयाच्या घरी कोणत्या नात्यानं राहायचं, हा प्रश्न होता. दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या पुतण्याचा फोन आला. शुक्रवारी जीप घेऊन येतो आणि त्यांना गावी नेतो म्हणाला. मी बरं म्हटलं.

बुधवारी सकाळी त्या मागच्या दारात शेजारच्या आक्कांबरोबर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आक्का सत्तरीच्या आहेत आणि दोन्ही भाषा सारख्याच फटकळपणे बोलतात. मी आत होतो. मला कन्नड समजतं हे सासूबाईंना बहुधा माहीत नसावं. आक्का म्हणाल्या, जायची एवढी घाई कशाला? त्यावर त्या म्हणाल्या की गावचे लोक चांगले आहेत, पण तिथं लेकीचं काही नाही. इथं तिनं लावलेला कढीपत्ता आहे, तिच्या हातानं लेबलं लावलेले डबे आहेत. राहावंसं वाटतं. पण बोलावल्याशिवाय कसं राहायचं? आणि हा माणूस एकतीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही, मी त्याला आवडतच नसेन.

मी हातातलं पुस्तक मिटलं. माझ्या भिण्याचा त्यांनी हा अर्थ लावला असेल हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्या आत गेल्यावर मी आक्कांना गाठलं आणि म्हटलं, तुम्ही त्यांना सांगा, मला त्या इथं राहायला हव्या आहेत. आक्कांनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "सर, मी सांगितलं तर त्ये माझं बोलावणं झालं. माझ्या घरात जागा न्हाय. तोंड तुमचं पायजे."

आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या बायकोबद्दल तिच्या आईसमोर मी काढलेला पहिला शब्द प्रेत हा होता, आणि आता त्यांनी लेकीचं प्रेतही पाहिलं होतं. शब्दानं माणूस मरत नाही हे मला कळतं. पण सासूबाईंनी त्या दिवशी तोंडाला पदर लावला होता तो मी विसरलो नव्हतो, आणि त्याही विसरल्या नसतील असं धरून चाललो होतो. अशा तोंडानं पुन्हा त्यांच्याशी काय बोलायचं?

तरी मी वही काढली. दोनच शब्द हवे होते. इल्ली म्हणजे इथं, इर्री म्हणजे राहा, आदरार्थी. गुरुवारी तंबाखूच्या वखारींच्या मागच्या रस्त्यावर फिरत मी ते शब्द म्हणत राहिलो. तिथल्या वासानं मधेच शिंका यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. एक हमाल बराच वेळ माझ्याकडं बघत होता.

शुक्रवारी नऊ वाजता पुतण्या आला. उसाचा शेतकरी, मोकळा माणूस, मोडकं मराठी बिनधास्त बोलणारा. सासूबाईंची पिशवी आणि पत्र्याची पेटी दारात होती. त्यांनीच चहा केला. मी बसलो नाही. पुतण्या म्हणाला, "भावजी, बसा की. परीक्षेला आल्यागत घाम आलाय तुम्हाला."

मी सासूबाईंच्या समोर जाऊन उभा राहिलो. "अत्ती," म्हटलं, कन्नडमध्ये सासूला म्हणतात तसं. मी त्यांना पहिल्यांदाच हाक मारत होतो. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"इली इर्री."

पुतण्यानं झटकन पाय वर घेतले आणि कॉटखाली बघितलं. कन्नडमध्ये इली म्हणजे उंदीर. जोडाक्षर पुन्हा निसटलं होतं.

एरवी मी आत निघून गेलो असतो, पुस्तकांच्या कपाटाकडं. पाय वळलेही होते. पण पेटी दारात होती आणि जीप बाहेर उभी होती. मी तिथंच थांबलो आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा उंदीरच आला. मग मी हातानं जमीन दाखवली, ही, या घरातली, आणि तिसऱ्यांदा म्हटलं.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून हसू फुटलं. लेक गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतच होत्या. मग पदर काढून, लहान मुलाला शिकवावं तशी जीभ दातांमागं टेकवून दाखवत म्हणाल्या, "इली अल्लरी. इल्ली." उंदीर नव्हे, इथं.

"इल्ली," मी म्हटलं.

त्यांनी कन्नडमध्येच विचारलं, हे तुम्ही म्हणताय, की ती सांगून गेलीय?

उत्तराला मला एकच शब्द सुचला आणि तो बरोबर आला. "नाने." मीच.

त्यांनी पुतण्याला चहा संपवायला सांगितलं आणि पेटी उचलून आतल्या खोलीत नेली. मला उचलू दिली नाही. पुतण्या जाताना म्हणाला, "म्हातारीला न्यायला आलतो. उंदरानं सोडलं न्हाय म्हणून सांगतो आता गावात." त्यानं खरोखरच सांगितलं. आता तिकडं मला मूगप्पा कुणी म्हणत नाही, दुसरं काय म्हणतात ते उघड आहे.

काही महिन्यांनी, मला चार वाक्यं जोडता यायला लागल्यावर, मी त्यांना लग्नातल्या त्या शब्दाबद्दल विचारलं. विचारायला मला आठवडा लागला. त्यांना आठवत होतं. त्या म्हणाल्या, सासूनं पहिल्याच दिवशी जावयाच्या तोंडावर हसायचं नसतं, म्हणून मी आत पळाले. कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसले. मीठ-मिरच्या मी नाही पाठवल्या, त्या थोरल्या जावेनं. मी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. एकतीस वर्षं मी ज्या पदराला भीत होतो, त्याच्याआड एवढंच होतं.

मोठं काही केलं असं नाही. घरपट्टीची चौकशी करायला मी स्वतः जातो, आणि कारकुनानं दुसऱ्या खिडकीवर पाठवलं तर का म्हणून विचारतो. मागच्या उन्हाळ्यात तिकडच्या एका शाळेनं ग्रंथालय लावायला बोलावलं. आठ दिवस तिथल्या शिपायाबरोबर कन्नड पुस्तकं लावली. तो शीर्षकं वाचायचा, मी चुकीची म्हणायचो, आणि आमचं बरं जमलं. येताना कंडक्टरला मोठ्यानं हाक मारून गाडी थांबवली. सगळी गाडी वळून बघायला लागली. मी उतरलो.

बायकोला यातलं काही बघायला मिळालं नाही. याचं वाईट वाटतं आणि ते वाटत राहील.

तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. घरात मी आणि सासूबाई आहोत. सकाळी त्या भाकरी करतात, मी भाजी चिरतो, आणि आम्ही बोलतो.