उष्टी हळद

मी शिरपूरकडचा. आमच्याकडे माणूस खोटं बोलत नाही, खऱ्याला फक्त फोडणी देतो. पलटणीत मी हवालदार झालो तो निम्मा नेमबाजीवर आणि निम्मा गप्पांवर. पोस्टवर इतकी थंडी असायची की सकाळी दिलेली शिवी दुपारी ऊन पडल्यावर ऐकू यायची, असं मी गावात सांगतो आणि चांगली शिकलेली माणसं मान डोलावतात. तेव्हा माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करा. पुढे जिथे वेळ लिहिली आहे तिथे मात्र काही वजा करू नका.

पोस्ट काश्मीरमध्ये, उंचावर. आम्ही बारा जण. त्यात शिपाई एकनाथ, रावेर तालुक्यातला, सहा वर्षं सर्व्हिस. वैशाखात त्याचं लग्न होतं. मुलगी फैजपूरची. रजा मंजूर झालेली, कागद खिशात. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो खाली उतरणार होता.

सव्वासहाला तो पाण्याचा कॅन घेऊन झऱ्यावर गेला. पायवाट रोजचीच. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ वितळतो, आणि आपणच पेरलेले माइन जागा सोडून खाली सरकतात. सहा बावीसला धमाका झाला. मी वायरलेस सेटवरून खाली हेडक्वार्टरला कळवलं.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"जिंदा या डेड? ओव्हर."

"डेड. ओव्हर."

"पक्का देखा? ओव्हर."

"आधा देखा है साब. बाकी ढूंढ रहे हैं. ओव्हर."

मग आवाज आला, "रॉजर. आउट."

संध्याकाळपर्यंत शोधलं. कमरेखालचं काही मिळालं नाही.

त्या दिवसांत आमच्याकडून बहुतेकांची राखच घरी जायची. पण याचं लग्न ठरलेलं, म्हणून सीओ साहेबांनी पेटी पाठवायचं ठरवलं. इनचार्ज मी, कारण खानदेशचा मीच. सुभेदार साहेबांनी दोन ऑर्डर दिल्या. "पेटी बंद जाएगी, बंद जलेगी. और वजन पूरा करो, उठानेवाले को शक नहीं होना चाहिए." मी वाळूच्या दोन पिशव्या शिवल्या आणि जिथे पाय असायला हवे होते तिथे ठेवल्या. नीट, शेजारी शेजारी. खरं सांगतो, काम चांगलं झालं म्हणून मला बरंही वाटलं.

भुसावळपर्यंत रेल्वे, पुढे ट्रक. सहा रायफली, एक बिगुलवाला. गावात पोचलो अकरा वाजून दहा मिनिटांनी. दारात मांडव उभा होता. लग्नासाठी घातलेला, उतरवायला कुणाला सुचलं नव्हतं. फैजपूरच्या व्याह्यांचा निरोप आमच्याआधी येऊन बसला होता : येणं जमणार नाही, मुलीचं दुसरीकडे बघायचं आहे.

एकनाथचे वडील आबा हे केळीच्या वखारीवर मापाडी. ओट्यावर बसून आम्ही कार्यक्रम ठरवला. तीनला निघायचं, ट्रॅक्टरवर. चारला सलामी. बँडवाला कोपऱ्यात उभा होता, लग्नासाठी ठरवलेलाच.

"काय वाजवू, आबा?"

आतून एकनाथची आई बाहेर आली. हातात पितळी वाटी, वाटीत हळद.

"वरात वाजव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पेटी उघडा भो. बिनलग्नाचा चितेवर जायता येत नाही. अंगाले हयद लागली पाहिजे, मंग रुईशी लगीन."

रुईची फांदी मांडवात आणून ठेवलेली होती.

"माय, ऑर्डर नाही."

"ऑर्डर कोनाची? मी पैदा केला, का तुह्या साहेबानं?"

बायांनी रडणं थांबवलं. चार माणसं पेटीजवळ सरकली. एकाच्या हातात पहार होती. माझे सहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते. बावीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ थापा मारल्या, पण इतक्या वेगात एकही नाही.

"माय, हयद आधीच लागेल शे," मी म्हणालो. घाबरलो की मला आमची अहिराणीच येते. "पलटणमा आम्ही बठ्ठं करं. सीओ साहेबनी बायकोनी सोता लावी. पंडितजी व्हता. दोनशे जवान वऱ्हाडी."

"कुठून लावली?"

"पायापासून."

"दोन्ही पायांले?"

"दोन्ही."

तिने डोळे मिटले. खांदे खाली आले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिने डोळे उघडले.

"मंग उष्टी हयद कुठी? नवरदेवाची उष्टी नवरीले लागते. आन."

मी म्हणालो, "ट्रकमध्ये."

ट्रकमागे गेलो. रेशनच्या पेटीत डाळीसाठी आणलेली हळदीची पुडी होती. मेसटिनच्या डब्यात ओतली, बाटलीतलं पाणी घातलं, बोटाने कालवली. बिगुलवाला पंजाबचा. तो म्हणाला, "उस्ताद, पाप लगेगा." मी म्हणालो, "लगने दे. ढक्कन पकड."

तिने ती हळद दोन्ही हातांनी घेतली. रुईच्या पानापानाला लावली. वास डाळीच्या डब्याचाच येत होता, पण ती त्यात एकनाथला हुंगत होती. मग तिने उरलेली स्वतःच्या गालांना पुसली आणि हळदीचं गाणं म्हणायला लागली. एकटीच. बाकीच्या बायांना साथ द्यावी की तोंडाला पदर लावावा, कळेना.

तीनला पेटी उचलली. डोक्याकडे मी, पायाकडे आबा. चार पावलं झाली आणि आबा थांबले. लोकांना वाटलं, बापाला पेलवेना. एक जण पुढे झाला, "आबा, सरका." आबांनी त्याला कोपराने मागे लोटलं. ट्रॅक्टरवर पेटी ठेवून झाल्यावर ते माझ्या बाजूला आले. बँड जोरात वाजत होता.

"मी चाळीस वर्सं माल हातावर तोलतो," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मानूस डोक्याकडून जड राह्यतो. हा पायाकडून जड आहे."

मी ट्रॅक्टरची फळी वर करून कडी लावली.

"काय भरलं?"

"वाळू."

"पाय?"

"नाहीत, आबा."

त्यांनी मान हलवली, मालाचं माप पटल्यासारखी. मग ट्रॅक्टरसमोर जाऊन सगळ्यांना ओरडून सांगितलं, "चला! नवरदेवाले उशीर होतो!"

चार वाजता सलामी. तीन फैरी. चार पाचला अग्नी, पेटीसकट. ज्वाळा ताडाएवढ्या गेल्या असं मी नेहमी सांगतो. कमरेएवढ्या होत्या.

लाकडं कोसळली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाळू जळत नाही. तिसऱ्या दिवशी आई राख सावडायला येईल आणि दोन ढीग बघेल, शेजारी शेजारी, मी ठेवले तसे.

मी आबांकडे पाहिलं. ते आधीच चितेच्या पायाकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला, बाया यायच्या आत, आम्ही दोघं तिथे गेलो. आबांनी घरातली पिठाची चाळण आणली होती. मी ओतत होतो, ते चाळत होते. जळून वाळूचे खडे झालेले, ते चाळणीत हाडांबरोबर वर राहायचे. मग आबा एकेक उचलून जिभेला लावायचे. हाड जिभेला चिकटतं, खडा चिकटत नाही. मी म्हणालो, "आबा, मी करतो." ते म्हणाले, "तू काय करशील? तुह्या जिभेचा काय भरोसा?"

पावणेसातला आई आली. मडक्यात फक्त एकनाथ होता. तिने मडकं छातीशी धरलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"लोकाईच्या घरी नुसती राख येते भो," ती म्हणाली. "माह्यं लेकरू तू पुरं आनलं."

आबा पाठ करून चूळ भरत होते.