साबणाने धुतलेलं नॅनो

नॅनोतंत्रज्ञान शिकवायला वाशीमकडच्या रिठदला जाते म्हटल्यावर पुण्यात घरचे सगळे हसले. वंदनाचा फोन मात्र गंभीर होता. ही माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या प्रयोगशाळेत खिचडीच्या तांदळाची पोती रचलेली. "तू फक्त ये. हेडसरायले एकदा काही प्रयोग दिसला, तं खोली खाली करून देतो म्हनते ते."

रात्रीची ट्रॅव्हल्स सकाळी वाशीमला सोडते. तिथून रिसोडची एसटी धरायची, रिठद वाटेतच लागतं. त्याआधी स्टँडवरचा आलूबोंडा खाऊन घ्या. स्वस्त आहे आणि दुपारपर्यंत पोटातून हलत नाही. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, त्यामुळे गाडी उरलेल्या रस्त्यावरून सांभाळून चालली. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी माझी सगळी माहिती काढून घेतली.

माझा बेत सोपा होता. धोप्याच्या, म्हणजे आपल्या अळूच्या, पानावर मेणाचे इतके बारीक कण असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यामुळे पाणी टिकत नाही, थेंब घरंगळतात. आठवी ते दहावीच्या मुलांना पानं आणायला सांगून ठेवलं होतं. शाल-नारळ झाला, हेडसर पहिल्या बाकावर बसले आणि मी ऐटीत पाणी ओतलं. ते पानभर पसरलं. दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्याला साबणाचा वास आला.

नववीतली पूजा उभी राहिली. "सायबन लावून घासले मॅडम. पाहुण्यायले धुळीचे पानं देते का कोनी?"

हेडसर घड्याळ बघू लागले, वंदना माझ्याकडे बघेना. शेवटी मी सगळा वर्ग उठवून शाळेमागच्या नळावर नेला. तिथे धोपा माजला होता, पानापानावर धूळ. ओंजळभर पाणी टाकलं तर थेंब धूळ घेऊन खाली उतरले, पान कोरडं. शेजारी पूजाचं घासलेलं पान धरलं. ते ओलंचिंब.

"मंग आमी घासून काय काढलं?" तिने विचारलं.

या प्रश्नासाठी मी पायी आले असते. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर हेडसर स्वतःच पानावर पाणी टाकून बघायला बाह्या सरसावून पुढे. पुढचा तासही नळावरच गेला. रात्री वंदनाकडे बेसनाच्या पातोडीची भाजी आणि भाकरी खाताना आम्ही दोघी ठसका लागेपर्यंत हसलो.

पुण्यात परतल्यावर आठवडाभर मी खोलीचीच काळजी करत होते. मग वंदनाचे फोटो आले. प्रयोगशाळा रिकामी, पोती हेडसरांच्या खोलीत आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेले हेडसर. प्रयोगशाळेच्या दारावर मुलांनी कागद चिकटवला होता: 'पाने धुऊन आणू नयेत.' खाली हेडसरांची सही, शिक्क्यासकट.