फावड्या, घमेली आणि मावशी

माझ्या मावशीच्या कुत्र्यांनी बागेची वाट लावली म्हणून जे लोक अजून हळहळतात, त्यांनी ती बाग फाटकाबाहेरून पाहिलेली असते. मी आतून पाहिली आहे. त्यामुळे माझ्यासमोर कुणी हळहळलं की माझं डोकंच फिरतं.

बाग काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची. काका वाईट नव्हते, गेलेल्या माणसाला मी उगाच नावं ठेवणार नाही. पण गुलाबांशी ते ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात त्यांनी मावशीकडे कधी साधं पाणी मागितलेलं मला आठवत नाही. गवतावर कुणी पाय ठेवायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता. मावशी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर वाफेत उभं राहायचं, ओल्या चादरींचे ढीग यंत्रातून उपसायचे, तापलेल्या रुळांमधून सरळ करून घड्या घालायच्या. घरी येईपर्यंत तिच्या तळपायांची आग आग व्हायची. समोर गारेगार गवत, आणि ही बाई कपड्यांची बादली घेऊन कडेच्या तापलेल्या फरशीवरून वळसा घालून दोरीपर्यंत जायची. "मधून जा की गं," मी एकदा म्हणाले. तर म्हणते, "नको बाई, ठसे उठतात. ह्यांना लगेच कळतं."

काका गेले. पुढच्या थंडीत मावशीने धुलाईखान्याच्या मागे, वाफेच्या नळाला चिकटून झोपणारी दोन पिल्लं पदराखाली घालून घरी आणली. कुणालाही न विचारता केलेलं हे तिचं बहुधा पहिलंच काम असेल.

उन्हाळा लागला आणि पिल्लांनी गवत उकरलं. एक माती काढायचा, दुसरी ती मागच्या पायांनी थेट भिंतीपर्यंत उडवायची. खाली ओल लागली तशी दोघं त्यात पोट टेकून पसरली. मावशी दारात उभी राहून बघत होती. तिने पायातली चप्पल काढली. मला वाटलं, आता हाणते. पण ती अनवाणी गवतावरून चालत गेली, दोघांच्या मध्ये बसली आणि तिने दोन्ही पाय खड्ड्यात सोडले. "अगं, किती गार आहे गं हे!" म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? त्या दिवशी पिल्लांची बारशी झाली: फावड्या आणि घमेली.

आता यात कुणाचं काय बिघडलं होतं? पण मोठ्या भाऊजींचं बिघडलं. मोठे भाऊजी म्हणजे काकांचे थोरले भाऊ, निवृत्त तिकीट तपासनीस. समोरचा माणूस विनातिकीटच असणार, अशा नजरेने ते अजूनही सगळ्यांकडे बघतात. ते दर आठवड्याला येऊन खड्डे तपासायला लागले. त्यांनी मातीत मिरपूड टाकली. घमेली दोनदा शिंकली आणि शेजारी खणायला लागली. त्यांनी गुलाबांभोवती तारेची जाळी ठोकली, तर फावड्या जाळीच्या खालून आत गेला. एकेक झाड आडवं होत होत शेवटी काकांचा लाडका पिवळा गुलाब तेवढा उरला.

तेव्हा भाऊजींनी फर्मान काढलं. "रविवारी गाडी घेऊन येतो. गावाबाहेरच्या गोदामावर राखणीला कुत्री हवी आहेत, तिथे साखळीला बांधतील. ही बाग माझ्या भावाची आठवण आहे."

मावशीच्या मुलानेही फोनवर तीच री ओढली. "आई, मोठे काका म्हणतात तसं कर ना."

भाऊजींना नाही म्हणायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. मावशीची तर नव्हतीच. माझा हात धरून म्हणाली, "त्यांच्यापुढे माझी बोबडी वळते गं. पण ह्या दोघांना नेलं तर मी कामावरून घरी कुणासाठी येऊ?"

रविवारी गाडी आली. भाऊजी पांढराशुभ्र शर्ट घालून उतरले, मागून दोरी घेऊन चालक. मावशी बागेत पिवळ्या गुलाबाभोवती कुदळ चालवत होती.

"अगं, काय करतेस! तो गुलाब त्याचा जीव की प्राण होता!"

"माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "म्हणून तर लांबून खणतेय." तिने मुळांच्या मातीसकट झाड उचललं, ओल्या गोणपाटात बांधलं आणि नेऊन सरळ भाऊजींच्या कवेत दिलं.

"घ्या, तुमच्या भावाची आठवण. तुमच्याकडे छान जगेल. आणि तो खड्डा बघून ठेवा, भाऊजी. तो कुत्र्यांनी नाही खणला, मी खणलाय. खणणाऱ्यांना न्यायचं असेल तर मलाही गाडीत घाला, बांधा त्या गोदामावर. नाहीतर माझ्या पोरांना हात लावायचा नाही! लग्न झाल्यापासून मी या अंगणात कडेकडेने चालले. आता नाही चालणार."

गोणपाटातला चिखल भाऊजींच्या शर्टावर ओघळत होता. दोन्ही हात गुंतलेले, काटे टोचत असणार, आणि टाकून तरी कसं देणार? भावाचा गुलाब! फावड्या खड्ड्यातून त्यांच्याकडे बघत शेपटी हलवत होता.

चालक बिचारा दोरी घेऊन तसाच उभा. शेवटी त्याने विचारलं, "साहेब, मग गाडीत काय घालायचं?"

"गुलाब घाला," मावशी म्हणाली. "मागे आडवा ठेवा, मुळांना धक्का लागू देऊ नका. आणि साहेबांना पुढे बसवा."